आठ मिलिमीटर

भेटीच्या वहीत त्याचं नाव वाचलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. आवाजामुळे सगळी पोरं त्याला भोंगा म्हणायची, त्यामुळे खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका चौकशीच्या कागदाखाली ते टाइप केलेलं होतं, वर सही होती, आणि तो कागद मी इतक्या वेळा वाचला होता की सहीचा शेवटचा फराटा कुठे वळतो ते डोळे मिटून सांगितलं असतं.

नावापुढे डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं : झोपेत दात खातो, गार्ड हवा.

खा म्हटलं, मनातल्या मनात. चांगल्या कण्या होईपर्यंत खा.

मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत काम करते. डॉक्टरबाई तोंडं बघतात, मी त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे बघते. कवळ्या, दातांच्या टोप्या आणि मुख्य म्हणजे गार्ड, दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी कडक, खेळणाऱ्यांसाठी मऊ. माप घ्यायचं कामही मीच करते, कारण बिघडलेलं माप शेवटी माझ्याच गळ्यात येतं. हॉकी क्लबच्या सगळ्या पोरापोरींचे गार्ड माझ्या हातचे आहेत. नुसता हात फिरवून सांगेन कुठला कोणाचा. ही बढाई नाही. नऊ वर्षांत माझा गार्ड घातलेल्या एकाही पोराचा दात गेलेला नाही, आणि मी एवढी हट्टाला पेटले त्याचं कारण धाकटी.

धाकटी म्हणजे माझी बहीण. सतराव्या वर्षी ती क्लबच्या संघात मधल्या फळीत खेळायची. अख्ख्या संघाला हाका मारून जागेवर ठेवायचं काम तिचं, आणि ती हाका मारायची अशी की चेंडूसुद्धा वळून बघेल. मी तेव्हा इथे शिकाऊ होते, जेमतेम सहा महिने झालेले. मी स्वतःच्या हाताने बनवलेला पहिला गार्ड तिचा. कपाटातली प्लास्टिकची सगळ्यात जाड शीट काढली, गरम करून तिच्या दातांच्या साच्यावर ओढली, आणि तेवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून वर आणखी एक चढवली. माझ्या बहिणीच्या दाताला धक्का लागता कामा नये, बस.

अंतिम सामन्यात त्यांचा प्रशिक्षक, म्हणजे भोंगा, रेषेबाहेरून ओरडला, "काय बोलतेस ते ऐकू येत नाही. काढ ते तोंडातलं." मी पायऱ्यांवर बसले होते. मी ऐकलं, माझ्या शेजारच्या आजोबांनी ऐकलं, आणि त्यांना तर कमी ऐकू यायचं. धाकटीने गार्ड काढून मोज्यात खोचला. चार मिनिटांनी समोरच्या मुलीची स्टिक वर आली आणि धाकटीचे वरचे पुढचे चार दात गेले. दोन गवतात सापडले. दोन सापडलेच नाहीत.

चौकशीत भोंग्याने लिहून दिलं की खेळाडूने स्वतःच्या मर्जीने गार्ड काढला, प्रशिक्षकाने तशी कोणतीही सूचना दिली नव्हती. मी सांगायला गेले, तर मला म्हणाले, तुम्ही सख्खी बहीण, तुम्ही तसंच सांगणार. आजोबांना कोणी विचारलं नाही. आणि धाकटीला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, "आठवत नाही." मला वाटलं, पोर भेदरली. भोंग्याने दम भरला असणार. कागदाचा शेवट झाला 'खेळाडूचा निष्काळजीपणा' या दोन शब्दांवर, आणि त्या दिवसापासून मी त्या माणसावर जो डूख धरला तो एक दिवसही सोडला नाही.

धाकटी आता सव्वीस वर्षांची आहे. पुढचे दात बसवलेले आहेत, चांगले आहेत, पण 'स' म्हणताना अजून बारीक शिट्टी वाजते, म्हणून माझ्याखेरीज कोणाशी बोलताना ती 'स'च टाळते. हाका तर तिने कायमच्या बंद केल्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात उभी असते आणि गिऱ्हाइकाला बोटाने वस्तू दाखवते. दोन महिन्यांपूर्वी क्लबने लहान मुलींसाठी प्रशिक्षक हवी अशी पाटी लावली, आणि मला न विचारता तिने अर्ज केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं.

क्लबचे सचिव अर्जावर खूश होते. मग त्यांनी फाइल उघडली. मला बोलावून म्हणाले, "बघा, जिने स्वतःचे दात सांभाळले नाहीत, तिच्या हातात पोरींचे दात द्यायचे कसे? समितीत कोणीतरी विचारणारच. शनिवारपर्यंत काही नवीन पुढे आलं तर बघू."

नवीन काय येणार? भोंग्याने खरं लिहून दिलं तरच काही येणार. मी त्याच्या घरी दोनदा गेले. एकदा दार उघडलं नाही, एकदा बायकोने सांगितलं की ते मैदानावर आहेत. आतून खोकल्याचा आवाज आला, तोही मोठाच. आणि आता, बुधवारी सकाळी साडेदहाला, तो स्वतःच्या पायांनी माझ्या खुर्चीत येऊन बसणार होता.

मी पाण्याचा जग फ्रीजमध्ये ठेवला.

हे जरा सांगायला हवं. दातांचं माप घेण्याची पूड असते, ती पाण्यात कालवून पत्र्याच्या साच्यात भरायची आणि तो साचा तोंडात दाबून धरायचा. साध्या पाण्यात कालवली की दोन-अडीच मिनिटांत जमते. गार पाण्यात कालवली की दुप्पट वेळ घेते. तेवढा वेळ माणसाने तोंड मिटायचं नाही, बोलायचं नाही, मान हलवायची नाही, नाकाने श्वास घेत छताकडे बघत पडायचं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना बोलू दिलं नाही, त्याची मला पाच मिनिटं मिळणार होती.

तो आला तो बोलतच. जिन्याला कठडा नीट नाही, बाहेर गाडी लावायला जागा नाही, खुर्ची फार मागे झुकते. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, आवाज होता तसाच. माझ्या तोंडावर मास्क होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बायको म्हणते, उंदीर कपाट कुरतडतोय असं वाटतं," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "म्हटलं, इतकी वर्षं पोरांना शिस्त लावली, दात खाऊ नको तर काय करू."

डॉक्टरबाईंनी आरसा घालून पाहिलं. "दाढा अगदी सपाट झाल्यात हो. मनाला काही लागून राहिलंय का?"

"मला? छे."

"बरं. वरचं माप घे गं," त्या मला म्हणाल्या आणि पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मी पूड कालवली. गार पाणी हाताला झोंबत होतं आणि मला ते आवडत होतं. साचा भरला, त्याच्या तोंडात बसवला, दोन बोटांनी दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढला.

"ओळखलंत?"

त्याने डोळे फिरवले. आधी नाही. मग हळूहळू ओळख पटत गेली, ती मला त्याच्या भुवयांत दिसली.

"हो, तीच. दोनदा तुमच्या दारात येऊन गेले. हलू नका, माप बिघडेल. तुम्ही त्या दिवशी रेषेवरून ओरडलात, काढ ते तोंडातलं म्हणून. तिने काढला. आणि मग तुम्ही लिहून दिलंत की मी काही बोललोच नाही. तुमचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला आणि तुम्हाला एकट्याला ऐकू आला नाही, असं कसं झालं?"

त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळायला लागली. माझ्या खिशात कागदी रुमाल होते. मी पुसली नाही.

"ओरडला होतात ना? हो असेल तर डावा हात वर करा."

त्याने मान हलवली. नाही, नाही, अशी जोरात. मी साचा काढून त्याच्यापुढे धरला. दातांच्या जागी दुहेरी ओळ उमटली होती, घसरलेली.

"हललात. हे गेलं वाया. पुन्हा घ्यावं लागेल."

"अहो बाई, हा काय प्रकार आहे, मी आत्ता डॉक्टरांना..."

तो तोंड पुसत बडबडत होता तोवर मी दुसरा साचा भरला होता. 'डॉक्टरांना'च्या मोठ्या आ-मध्ये तो बरोबर बसला.

या खेपेला मी आवाज चढवला नाही. धाकटी कशी बोटाने वस्तू दाखवते ते सांगितलं. ती 'स' असलेले शब्द कसे चुकवते, सोमवारला 'रविवारनंतर' म्हणते, ते सांगितलं. दात गेल्यावर पहिल्या आठवड्यात ती आरशावर टॉवेल टाकून वेणी घालायची, आणि तिचा केसांतला भांग वाकडा असायचा, तेही सांगितलं. आईच्या आजारपणात मीच तिला सांभाळलं होतं, आणि जिला मी सांभाळलं तिला याने चार मिनिटांत मोडून ठेवलं, हेही सांगितलं. "तुम्ही तुमची खुर्ची वाचवलीत," मी म्हटलं. "तिचं नाव मात्र त्या फाइलीत कुजतंय. शनिवारी तेच नाव तिच्या आडवं येणार आहे."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माप घेताना बहुतेकांच्या येतं, मी त्याला किंमत दिली नाही. पण मग त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला, थोडा अडखळला आणि वर गेला. मान हलली नाही. माप अगदी स्वच्छ आलं.

तोंड धुऊन त्याने ग्लास खाली ठेवला. मग बोलला ते इतक्या हळू की मला वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय.

"लिहून देतो. पण द्यायचं तर सगळं लिहीन. अर्धवट आता नाही."

"मला सगळंच पाहिजे," मी म्हटलं. केवढा रुबाब होता माझ्या बोलण्यात.

मी पॅड आणि पेन दिलं. तो खुर्चीतच, गळ्यात कागदी बिब असताना, लिहीत बसला. सही करून कागद माझ्या हातात दिला आणि दारापाशी थांबला. "मी खोटं बोललो, ते माझ्या माथी. पण तो गार्ड कुठल्या गाढवाने बनवला होता, त्याच्याकडे मात्र कोणी कधी बोट दाखवलं नाही." आणि तो जिना उतरला.

मी वाचलं.

'गार्ड काढायला मी सांगितलं. चौकशीत मी खोटं लिहून दिलं. तो गार्ड इतका जाड होता की मुलीला शब्द उच्चारता येत नव्हता. त्याची मागची कड घशापर्यंत जात होती. पहिल्या सत्रात तिला मैदानावर दोनदा ओकारी आली. मधल्या वेळात मी तो हातात घेऊन पाहिला होता. असा गार्ड घालून खेळणं शक्य नव्हतं. मी तिला बाहेर बसवायला हवं होतं. तिच्याशिवाय सामना गेला असता, म्हणून बसवलं नाही.'

मी पुन्हा वाचलं. मग माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. तिथे एका डबीत तो गार्ड होता. धाकटीच्या मोज्यातून मीच काढून घेतला होता, पुरावा म्हणून. नऊ वर्षं मी तो भोंग्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपला आणि एकदाही बाहेर काढून पाहिला नाही. कशाला पाहायचा? माझ्या मते तो चांगलाच होता.

जाडी मोजायचा काटा मी रोज वापरते. पुढच्या दातांवर तीन मिलिमीटर पुरतात, फार तर चार. काट्याने आठ दाखवले. मी काटा शून्यावर आणून पुन्हा लावला. आठ. टाळूकडची कड मी कापलेलीच नव्हती. जितकं जास्त झाकेल तितकं बरं, असं तेव्हा मला वाटलं होतं. आज एखादी शिकाऊ पोर असा गार्ड घेऊन माझ्याकडे आली, तर मी तिला दोन तास उभं करून बोलेन. गार्डच्या आतल्या बाजूला दातांच्या खुणा होत्या. धाकटीने चावून चावून तो तोंडात बसवायचा प्रयत्न केला होता.

अर्धी रजा टाकून मी तिच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती हातमोज्यांच्या जोड्या लावत होती. मी कागद काउंटरवर ठेवला आणि त्यावर गार्ड ठेवला.

तिने कागद वाचला. गार्डकडे फक्त एकदा बघितलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"तोंड माझं होतं ताई. मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग बोलली का नाहीस? चौकशीत का नाही बोललीस?"

ती मोज्यांची जोडी उगाचच नीट करत राहिली. "बोलले असते, तर त्यांनी विचारलं असतं, का काढायला लावला. मग गार्ड मागितला असता. तुला कामाला लागून तेव्हा सहा महिने झाले होते. आईचं आजारपण चाललं होतं, घरात तुझ्या एकटीवर सगळं. तुला काढून टाकलं असतं."

"म्हणून आठवत नाही म्हणालीस?"

"आणखी काय म्हणणार होते?" मग ती जराशी हसली, ओठ मिटून, तिची ती सवयच झाली आहे. "तू तो देताना किती खूश होतीस. मला म्हणालीस, यातून बंदुकीची गोळीपण जाणार नाही."

मला त्या क्षणी भोंग्याचा राग आला, माझा आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. नऊ वर्षं मी तिच्यासमोर त्या माणसाला शिव्या घातल्या. जेवताना, भांडी घासताना, तिच्या वाढदिवसालासुद्धा. तिने एकदाही मला थांबवलं नाही. मी शिव्या घालत राहिले आणि ती भात कालवत राहिली.

"फाडून टाक तो कागद," ती म्हणाली. "क्लबचं सगळं काम तुझ्याकडे आहे. हे वाचलं तर ते तुझ्याकडे पोरं पाठवतील का? मी इथे बरी आहे."

"इथे तू बोटाने मोजे दाखवतेस."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

भोंग्याचा गार्ड मी गुरुवारी केला. खरा बेत सांगते. डाव्या दाढेवर अर्धा मिलिमीटर चढ ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. कोणाच्या लक्षात येत नाही, पण आठवडाभरात कानशिलं ठणकायला लागतात आणि माणूस मेंदूच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत बसतो. तसा चढ मी ठेवलाही होता. मग तो घासून काढला. चावायचा निळा कागद घालून सगळे ठसे एकसारखे येईपर्यंत घासला आणि शुक्रवारी सकाळी त्याला बसवून दिला. माफ केलं म्हणून नाही. शनिवारी त्याचा जबडा दुखायला नको होता. त्याच्याकडून मला काम करून घ्यायचं होतं.

शनिवारी सकाळी समितीचे सात जण लांब टेबलामागे बसले होते. भोंगा जुना प्रशिक्षक म्हणून कोपऱ्यात. धाकटी माझ्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीखाली दाबून. सचिवांनी नवीन काही आहे का विचारलं. मी उठले, गार्डची डबी टेबलावर ठेवली आणि कागद त्यांच्याऐवजी कोपऱ्यात नेऊन दिला.

"हे सरांनी लिहिलंय. त्यांनीच वाचावं," मी म्हटलं. "त्यांचा आवाज मोठा आहे."

धाकटीने माझा दुपट्टा खेचला. मी तो सोडवून घेतला.

भोंगा उभा राहिला. एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाचायला लागला. गार्ड काढायला मी सांगितलं. चौकशीत मी खोटं लिहून दिलं. खोलीत खुर्च्या करकरल्या. सचिवांनी चष्मा काढला. तो वाचत राहिला, जाडी, घशापर्यंतची कड, दोन ओकाऱ्या, हातचा जाणारा सामना, सगळं. त्याच्या सहीपर्यंत आला आणि थांबला. सहीखाली दोन ओळी होत्या, त्या त्याच्या अक्षरात नव्हत्या. त्याने त्या मनात वाचल्या. मग डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाढव म्हणाला होता तो मला त्या दिवशी, आणि त्याला माहीत नव्हतं.

"एवढंच आहे," तो म्हणाला आणि कागदाची घडी घालायला लागला.

"एवढंच नाही. खाली आहे अजून."

"ताई," धाकटी म्हणाली.

"वाचा सर."

त्याने घसा साफ केला. "तो गार्ड मी बनवला होता," तो पुटपुटला. "तो घालून तिला बोलता येत नव्हतं, ही चूक माझी, तिची नाही. खाली सही आहे."

मी सात जणांच्या मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, जिथून धाकटी मला समोर दिसत होती.

"इथे मागे काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "मोठ्याने वाचा."